१४ वर्षं उभी असलेली पद्मिनी : सेल्फ फिरतो, पण करंटच नाही. मदत हवी

घाटउतार (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. गाडी वडिलांची, १९८२ची प्रीमियर पद्मिनी, चिपळूणजवळच्या घरी शेडमध्ये. २०११च्या गणपतीत शेवटची चालली. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग गुडघे, आणि गेल्या वर्षी ते गेले. आई म्हणते विकून टाक. भंगारवाला दोनदा चकरा मारून गेलाय. मी पुण्याहून शनिवार-रविवार येतो तेव्हा थोडं थोडं काम करतो.

आत्तापर्यंत केलेलं : नवी बॅटरी, इंजिन ऑइल बदललं, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं (वास वॉर्निशसारखा, रंग चहाचा). आज सेल्फ मारला. इंजिन छान फिरतं, पण एकदाही फुटत नाही. प्लग काढून बॉडीला टेकवून पाहिला, ठिणगीच नाही. चारही प्लगना नाही.

इथल्या मेकॅनिकने सांगितलं, "कॉइल गेली, डेल्को गेला, वायरिंग नवीन टाका." (कॉइल म्हणजे ठिणगीसाठी दाब वाढवणारी, डेल्को म्हणजे ती ठिणगी प्लगना पाळीपाळीने वाटणारा डिस्ट्रिब्युटर.) एकाच वेळी सगळं कसं जाईल? २०११ला ती स्वतःच्या पायांनी शेडमध्ये गेली होती.

---

पान्हा_दहाबारा (शनिवार, रात्री १०.०५)

आधी एक विचारतो, रागावू नका. सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने फिरवून पाहिलं होतंत का? १४ वर्षं उभ्या गाडीत रिंगा सिलिंडरला धरून बसतात. प्लग काढायचे, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, मग चौथ्या गियरला टाकून गाडी जरा पुढे-मागे ढकलायची. हलली तरच सेल्फ.

---

घाटउतार (शनिवार, रात्री १०.१२)

नाही केलं 🙈 पण नशिबाने फिरलं. प्लग आत्ता बाहेरच आहेत, तर ऑइल सोडून ठेवतो.

---

दर्याकाठ (शनिवार, रात्री १०.३०)

चिपळूण म्हटल्यावर पहिला प्रश्न : २२ जुलै २०२१ला गाडीत पाणी गेलं होतं का? गेलं असेल तर सगळीच कथा बदलते.

---

घाटउतार (शनिवार, रात्री १०.३४)

नाही, आमचं घर चढावर आहे. पुराचं पाणी खालच्या वळणापर्यंत आलं होतं. दमट हवा मात्र भरपूर. शेडला तीनच भिंती.

---

ओहमताई (शनिवार, रात्री ११.१५)

मेकॅनिकचं आत्ता काही ऐकू नका, आणि एकही पार्ट विकत घेऊ नका. ४० रुपयांत तपास होतो. इंडिकेटरचा छोटा १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी घ्या. एक वायर कॉइलच्या त्या टोकाला लावायची जिथून वायर डेल्कोकडे जाते. दुसरी बॉडीला, रंग खरवडून उघड्या लोखंडावर. चावी ऑन करून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही बल्बकडे बघा.

बल्ब लुकलुकला तर पॉइंट (डेल्कोतली करंट जोडणारी-तोडणारी जोडी) उघडमीट करतायत, कॉइलच्या कमी दाबाच्या बाजूला बहुतेक सगळं ठीक. मग पुढे डेल्कोची कॅप (झाकण), रोटर (आत फिरून ठिणगी एकेका प्लगकडे वळवणारा तुकडा), प्लगच्या वायरी बघायच्या.

बल्ब सतत पेटलेलाच राहिला तर करंट कॉइलमधून येतोय, पण पॉइंट त्याला बॉडीकडे जाऊ देत नाहीयेत.

बल्ब पेटलाच नाही तर एकतर कॉइलपर्यंत करंट येत नाही किंवा डेल्कोत कुठेतरी शॉर्ट आहे. यातलं कुठलं ते कळायला डेल्कोची वायर कॉइलवरून सोडवायची. बल्ब पेटला तर दोष डेल्कोत. तरीही नाही पेटला तर चावीपासून कॉइलपर्यंत शोधायचं.

आणि पेट्रोलची बाटली उघडी ठेवून ठिणगी बघू नका. हे हसून सांगत नाहीये.

---

घाटउतार (रविवार, सकाळी ८.५०)

ताई, सतत पेटलेला! आईने सेल्फ मारला (आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसली). बल्ब जराही हलला नाही.

---

पान्हा_दहाबारा (रविवार, सकाळी ९.१०)

मग पॉइंटवर बुरशी. बुरशी म्हणजे ऑक्साइडचा पापुद्रा, डोळ्यांना दिसतही नाही. चालत्या गाडीत पॉइंट रोज लाखभर वेळा एकमेकांवर आपटून स्वतःला साफ ठेवतात. ११०० सीसीचं चार सिलिंडर इंजिन ३००० आरपीएमला असलं तर सेकंदाला १०० वेळा उघडतात, हिशेब करून बघा. गाडी उभी राहिली की कोकणातली हवा दोन महिन्यांत काम करते.

डेल्कोच्या कॅपच्या दोन क्लिपा काढा, रोटर वर ओढून काढा. सिलिंडरच्या क्रमाने प्लगच्या वायरींना आधी चिकटपट्टीचे आकडे लावा! कॅप काढण्याआधी! मग पॉइंट उघडून त्यांच्यामध्ये ४०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून दोन-तीनदा ओढा. शेवटी जाड कागद, एखादी लग्नपत्रिका चालेल, पेट्रोलमध्ये भिजवून ओढा, म्हणजे कचरा निघून येईल. हे विसरलात तर वाळूचा कण मधे राहतो आणि परत तोच रोग.

पॉइंटमधली फट (गॅप) फीलर गेजने ०.४५ मिलिमीटरच्या आसपास. कॅमचा (डेल्कोच्या दांड्यावरचा, पॉइंट उघडणारा भाग) उंचवटा बरोबर पॉइंटच्या फायबरच्या टाचेखाली आणा आणि मग मोजा. कॅमला मोहरीएवढं ग्रीस. मोहरीएवढंच! जास्त झालं तर ते उडून पॉइंटवरच येतं.

---

भायखळा_४२ (रविवार, सकाळी ९.४५)

वरच्या सगळ्याला +१. आमच्या बाबांची काळी-पिवळी होती. त्यांच्या खिशात कायम नेलफाइल असायची, आईची चोरलेली. सिग्नलला गाडी अडखळली की उतरून बॉनेट उघडायचे, पॉइंटवर दोन हात मारायचे, सिग्नल हिरवा व्हायच्या आत परत सीटवर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला रजिस्टर झाली होती. २० वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर सगळ्या बंद. त्या आठवड्यात बाबा जेवताना काही बोलले नाहीत.

अवांतर झालं. घाटउतार, पॉइंटचा फोटो टाका.

---

घाटउतार (रविवार, दुपारी १२.२०)

फोटो टाकलाय. पॉइंटच्या एका तोंडावर करडा पापुद्रा, दुसऱ्यावर छोटा खड्डा. पेपर मारला, लग्नपत्रिका ओढली (चुलतभावाची, २००७ची, तो अजून संसारात आहे). बल्ब लुकलुकायला लागला!!

पण ठिणगी अगदी मरतुकडी आणि पिवळी. बाहेर काढलेल्या प्लगवर कशीबशी दिसते. प्लग बसवून सेल्फ मारला तर एक फटका कारबोरेटरमधून, आणि पुढे शांत.

आणि एक गंमत. कारबोरेटरचा एअर फिल्टर काढला तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घरटं, अंगठ्याएवढं. हलक्या हाताने काढलं.

---

कोथरूडकर_मूळचे (रविवार, दुपारी १.००)

पॉइंटची कटकट फेकून द्या हो. इलेक्ट्रॉनिक किट मिळतं, डेल्कोतच बसतं, पॉइंट नाही, कंडेन्सर नाही. मी माझ्या जीपला बसवलं, तीन वर्षांत बॉनेट उघडलं नाही. २०२५मध्ये लग्नपत्रिकेने गाडी दुरुस्त करणं म्हणजे छंद आहे, दुरुस्ती नव्हे.

---

पान्हा_दहाबारा (रविवार, दुपारी १.१५)

किटला विरोध नाही. पण बिघाड माहीत नसताना किट लावलं तर कॅप, रोटर, वायरी, अर्थिंग यातला दोष तिथेच राहतो, आणि वर एक नवीन संशयित आणून बसवल्यासारखं होतं. आधी जुन्यावर सुरू करा, मग हवं ते लावा. शिवाय आंबा घाटात पॉइंट बंद पडले तर नेलफाइलने चालतात. किट बंद पडलं तर टोइंग.

---

ओहमताई (रविवार, दुपारी १.४०)

पिवळी, बारीक ठिणगी : पहिला संशय कंडेन्सरवर. डेल्कोच्या बाहेर किंवा आत स्क्रूने लावलेला, करंगळीएवढा पत्र्याचा डबा. त्याचं काम समजून घ्या म्हणजे चुकणार नाही.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड वेटोळ्यातून सुमारे ४ अँपिअर वाहत असतात आणि लोहचुंबक तयार झालेलं असतं. पॉइंट उघडले की ते चुंबकत्व कोसळतं, आणि कोसळताना बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. किती व्होल्ट, हे ते किती झटकन कोसळतं यावर ठरतं. कंडेन्सर नसेल तर करंट पॉइंटच्या फटीतूनच ठिणगी मारून वाहत राहतो, कोसळणं सावकाश होतं, आणि प्लगपर्यंत काही उरत नाही. पाट्यावर धोपाटणं आपटायचं तर हात झटकन खाली यायला हवा, तसंच.

म्हणून कॅप काढून सेल्फ मारताना अंधारात पॉइंटकडे बघा. तिथेच निळा-पांढरा लखलखाट दिसला तर कंडेन्सर मेलाय. तसंच कॉइल मोजा : मल्टीमीटरने दोन छोट्या टोकांमध्ये ३ ते ४ ओहम यायला हवेत, मधल्या मोठ्या भोकापासून छोट्या टोकापर्यंत काही हजार.

---

घाटउतार (रविवार, रात्री ११.२०, पुण्यातून)

कॉइल ३.२ ओहम आणि ७ हजारांच्या वर. म्हणजे जिवंत. "कॉइल गेली" खोटं निघालं. पॉइंटवर लखलखाट होता, ताई! बाजारातून नवा कंडेन्सर आणि नवे पॉइंट आणले. पुढच्या शनिवारी बसवतो. जुने तिथेच भंगारात दिले.

---

भायखळा_४२ (रविवार, रात्री ११.३२)

जुने दिलेत?? अरे देवा. असो.

---

घाटउतार (पुढचा शनिवार, दुपारी ४.००)

आता बल्बच पेटत नाही. बिलकुल नाही. मागच्या वेळी किमान लुकलुकत होता. नवीन पार्ट टाकून मी गाडी मागे नेली.

---

ओहमताई (शनिवार, दुपारी ४.१०)

डेल्कोची वायर कॉइलवरून सोडवलीत?

---

घाटउतार (शनिवार, दुपारी ४.१८)

सोडवली. बल्ब पेटला.

---

पान्हा_दहाबारा (शनिवार, दुपारी ४.२५)

हाहाहा. वॉशर! नवे पॉइंट बसवताना स्क्रूवरचे फायबरचे वॉशर उलटसुलट झाले. तिथे तीन गोष्टी एकत्र येतात : आत येणाऱ्या वायरचं टोक, कंडेन्सरचं टोक आणि पॉइंटची स्प्रिंग. या तिघी एकमेकींना चिकटायच्या, पण खालच्या प्लेटला एकीनेही शिवायचं नाही. प्लेटच्या बाजूला फायबर वॉशर, बाकी वर. सोवळ्यातल्या बायका समजा. माझ्याकडून १९९४ साली झालंय, अर्धा दिवस गेला होता आणि गिऱ्हाईक समोर खुर्ची टाकून बसलं होतं.

---

घाटउतार (शनिवार, संध्याकाळी ५.०५)

काका, तुम्ही देव आहात. वॉशर वरच्या बाजूला घातला होता. बदलला, बल्ब लुकलुकतोय, कॉइलच्या जाड वायरीतून निळीजर्द ठिणगी, टक्‌ आवाज येतो. पण प्लगना मात्र अजूनही नाही! एकाच प्लगला कधीतरी.

---

भायखळा_४२ (शनिवार, संध्याकाळी ५.२०)

कॉइलच्या वायरीला आहे आणि प्लगला नाही, तर चोर मधल्या खोलीत : कॅप किंवा रोटर. कॅपच्या आत मधोमध छोटी कार्बनची कांडी असते, स्प्रिंगवर. बोटाने दाबा, उसळली पाहिजे. अडकली असेल तर रोटरला शिवतच नाही. मग कॅप उजेडात तिरकी धरा, पेन्सिलने काढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसते का बघा. ती भेग असते, करंट तिथून पळतो. रोटरचंही तेच, पितळी पट्टीपासून खालच्या भोकाकडे काळी रेघ.

---

घाटउतार (शनिवार, संध्याकाळी ६.१०)

कॅप कोरड्या फडक्याने पुसली, कांडी उसळते. रोटरच्या खालच्या बाजूला तुम्ही म्हणता तशीच काळी रेघ! करंट रोटरमधून थेट डेल्कोच्या दांड्यात जात होता. डिकीतल्या वडिलांच्या डब्यात एक रोटर सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो टाकला. चारही प्लगना निळी ठिणगी!!!

आणि सुरू झाली!! अर्धा मिनिट!! मग कारबोरेटरमधून धडाम, सायलेन्सरमधून धडाम, शेजारचे काका बाहेर आले. आता गाडी खोकते, फिरत नाही.

---

पान्हा_दहाबारा (शनिवार, संध्याकाळी ६.१५)

आकडे लावले होते ना वायरींना?

---

घाटउतार (शनिवार, संध्याकाळी ६.१७)

चिकटपट्टीचे आकडे. दोन गळून पडले. घामाने.

---

पान्हा_दहाबारा (शनिवार, संध्याकाळी ६.३०)

बरं. फियाटचा ठिणगीचा क्रम १-३-४-२. एक नंबर म्हणजे रेडिएटरच्या बाजूचा. आता रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते कॅप काढून सेल्फ मारून डोळ्यांनी बघा, कुणी सांगितलं म्हणून धरू नका. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरा, इंजिन हळू फिरवा. हवा अंगठा ढकलते तेव्हा पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. पुलीची खूण जुळवा. त्या क्षणी रोटरचं तोंड कॅपच्या ज्या बुंध्याकडे आहे तो एक. तिथून रोटरच्या दिशेने ३, ४, २.

(आणि पद्मिनी, फियाट यावर वाद नको. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती आधी फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. गॅरेजात शेवटपर्यंत फियाटच.)

---

घाटउतार (रविवार, सकाळी १०.४०)

सुरू. नीट सुरू. चोक आत ढकलल्यावर सुद्धा चालू राहिली. ३ आणि २ उलटे होते. आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "हा आवाज संध्याकाळी सहाला यायचा."

---

दर्याकाठ (रविवार, सकाळी ११.००)

अभिनंदन! वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

घाटउतार (रविवार, दुपारी १२.१५)

आनंद दहा मिनिटं टिकला. गरम झाली की मिसिंग (इंजिन अडखळतं), मग बंद. अर्ध्या तासाने थंड झाली की पुन्हा पहिल्या सेल्फला सुरू. तीनदा तेच झालं. पेट्रोल बाटलीतून येतंय, वाहतंय. एसी पंपही (पेट्रोल खेचणारा पंप) बघितला.

---

कोथरूडकर_मूळचे (रविवार, दुपारी १२.३०)

किट. 🙂

---

ओहमताई (रविवार, दुपारी १२.५०)

गरम झाल्यावर जाते, थंड झाल्यावर येते, यात दोन संशयित : कॉइल आणि तो नवा कंडेन्सर. कॉइल बंद पडल्या पडल्या हाताने बघा, चटका बसतो का. कंडेन्सरसाठी एक प्रयोग. घरात हेअर ड्रायर आहे? कंडेन्सर काढा, मल्टीमीटरवर कपॅसिटन्स मोजा, ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या आसपास येईल. मग मीटर लावूनच ड्रायरने गरम करत जा.

---

घाटउतार (रविवार, दुपारी २.३०)

आईचा ड्रायर. थंड असताना ०.२४. गरम करत गेलो, हात लावता येईना इतपत झाला तेव्हा आकडा नाचायला लागला, ०.११, ०.०३, मग काहीच नाही. पंख्याखाली ठेवला, पाच मिनिटांत ०.२४. मीटरवर डोळ्यांनी बघितलं म्हणून विश्वास बसला. आठ दिवसांचा नवा पार्ट!

---

भायखळा_४२ (रविवार, दुपारी २.४०)

म्हणून "अरे देवा" म्हटलं होतं. हल्ली नवे कंडेन्सर कधी कधी असेच निघतात. बाबा जुना चालता पार्ट कधी टाकायचे नाहीत. तुमच्या वडिलांच्या त्या डब्यात बघा अजून काही आहे का.

---

घाटउतार (रविवार, संध्याकाळी ५.५०)

डबा पुन्हा उपसला. बिस्किटांचा जुना चौकोनी डबा. फ्यूज, बल्ब, अर्धी कानस, फॅन बेल्टचा तुकडा. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक कंडेन्सर, त्याला रबरबँडने चिठ्ठी. वडिलांचं अक्षर, तिरपं, शाळेतल्या फळ्यावरचं : "चालू काढला. टाकू नये."

मीटरवर ०.२३. ड्रायरने दहा मिनिटं भाजला, ०.२३च.

बसवला. गाडी खालच्या वळणापर्यंत नेऊन परत आणली, मग शेडसमोर पाऊण तास रिकामी चालू ठेवली. बंद पडली नाही, मीच बंद केली. आईला घेऊन बाजारात जायचं होतं, पण ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते आणि मागच्या उजव्या चाकाला तेल गळतंय.

---

पान्हा_दहाबारा (रविवार, संध्याकाळी ६.००)

व्हील सिलिंडर. आईला अजिबात बसवू नका. चारही ड्रम उघडा, रबरं बदला, ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा, ते पाणी पितं. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि एसी पंपाची रबरी चकतीही बदला, आता पंपावर येणारं इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला खातं. ब्रेकचा वेगळा धागा काढा, फोटोसकट. आणि ती चिठ्ठी परत डब्यात ठेवा, दुसऱ्या कंडेन्सरला बांधून.

---

घाटउतार (रविवार, संध्याकाळी ६.०४)

दुसरा म्हणजे तो नवा? तो तर खराब आहे.

---

पान्हा_दहाबारा (रविवार, संध्याकाळी ६.०९)

तो फेका हो. चांगला बघून आणखी एक आणा, गाडीवर महिनाभर चालवा, चालू असतानाच काढा, मग डब्यात.